लेल्यांची पायरी

माधव लेले दारात आलेल्या माणसाला ‘या’ म्हणत नसत. ते विचारत, “आधी कुठून आलात?”

हा प्रश्न सगळ्यांना होता. पोस्टमनला, गॅसचं सिलिंडर आणणाऱ्याला, गणपतीची वर्गणी मागणाऱ्या मंडळाच्या पोरांना. पोरं एकदा म्हणाली, “काका, मंडळातनं आलोय.” लेले म्हणाले, “ते कळलं. त्याच्या आधी?” पोरं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांतला एक प्रामाणिक निघाला. तो म्हणाला, “त्याच्या आधी लस्सी प्यायला गेलतो.” लेल्यांनी फाटकाची कडी घातली आणि वर्गणी वरून हात लांब करून दिली. पावती घेतली नाही. पावतीलाही लस्सीचा हात लागला होता.

लेल्यांची अशी गोष्ट सांगायला लागलो की माझा हात आपोआप वर जातो, मान तिरकी होते आणि आवाज त्यांच्यासारखा नाकातून येतो. इतकी वर्षं मी त्यांची नक्कल करत आलो. आता मी वयाच्या अशा टप्प्यावर आहे की नक्कल करायला दम पुरत नाही. खरं सांगायला तेवढा दम लागत नाही, म्हणून ते इथे सांगून टाकतो.

सांगलीजवळच्या एका डेअरीत आम्ही दोघांनी नोकरी केली. ते विरजण विभागाचे प्रमुख, मी चक्का विभागाचा. या दोन विभागांचं नातं सासू-सुनेसारखं. त्यांनी तयार केलेल्या विरजणाशिवाय माझं पान हलत नसे, आणि माझ्या विभागातला माणूस त्यांना नजरेसमोर नको असे. कारण चक्का टांगला की त्यातून पाणी गळतं. आम्ही त्याला निवळी म्हणायचो. ती निवळी आमच्या बुटांत, बाह्यांवर, केसांत, सगळीकडे असायची. लेल्यांच्या मते मी माणूस नव्हतोच. मी निवळीनं भिजलेलं एक फडकं होतो आणि ते चालत चालत इकडे तिकडे जात होतं.

त्यांची खोली डेअरीच्या पार टोकाला, वाऱ्याच्या उलट्या बाजूला होती. एका दारानंतर दुसरं दार. पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. मधल्या जागेत कपडे बदलायचे, पायांत वेगळ्या चपला घालायच्या. एकदा आमचे अध्यक्ष कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत डेअरीची पाहणी करायला निघाले. माझा चक्का पाहिला, चव घेतली, आणि तसेच लेल्यांच्या दाराशी गेले. लेले दोन्ही हात आडवे करून उभे.

अध्यक्ष म्हणाले, “आवं लेले साहेब, ही सगळी डेअरी माझ्या सहीनं चालती.”

लेले म्हणाले, “सही आत घेतो. कपडे बाहेर ठेवा.”

अध्यक्ष दिलदार माणूस. हसले आणि परत फिरले. पण जाता जाता माझ्या कानाशी म्हणाले, “लय इक्षिप्त हाय गड्या हे.” हे वाक्य मी दुपारच्या जेवणापर्यंत सगळ्या डेअरीत पोचवलं.

लेले एवढे कशाला भीत होते, ते त्यांनी मला एका संक्रांतीला समजावून सांगितलं. कँटीनमध्ये कोणीतरी तिळगूळ वाटत होतं. लेल्यांनी काटेरी हलव्याचा एक दाणा चिमटीत धरला आणि माझ्या डोळ्यांसमोर आणला.

“जोशी, हा आपला जीवाणू. दुधाचं दही करणारा. याच्या अंगावर काय आहे?”

“साखर.”

“बरोबर. खऱ्या जीवाणूच्या अंगावरही साखरेचंच वेष्टण असतं. आणि जसा प्रत्येक घरच्या हलव्याचा काटा वेगळा, तसा प्रत्येक वाणाच्या साखरेचा काटा वेगळा. आता यांना खाणारा विषाणू असतो. त्याला डोळे नाहीत, पाय नाहीत. पोहतासुद्धा येत नाही. दूध हललं की हाही हलतो. पण शेपटीच्या टोकाला हात असतात. दाण्यावर आदळला की चाचपतो. काटा ओळखीचा नाही? सोडून देतो. दुसऱ्यावर आदळतो. तोही नाही? सोडतो. असं करत करत एखादा काटा हाताला बरोबर बसतो.”

“मग?”

“मग धरतो. पण आधी सैल. अजून सुटू शकतो. दुधातलं कॅल्शियम मध्यस्थी करतं, जसा लग्न जमवणारा करतो तशी. आणि एकदा नेमकी जागा सापडली की पक्का धरतो. मग सुटका नाही. शेपटीतून आपला ऐवज आत ओततो. तासाभरात दाणा फुटतो, आतून त्याच्यासारखेच ढिगानं बाहेर. ते सगळे जन्मतःच तो काटा ओळखणारे.” त्यांनी दाणा तोंडात टाकला आणि कडकन फोडला. “ओळख पटली की संपलं.”

मी घाबरून विचारलं, “आणि आपल्या पोटात गेला तर?”

ते माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत राहिले. “तुमच्या अंगावर तो काटा कुठे आहे? निवळी बादलीभर प्या. त्याला तुमच्यात काडीचाही रस नाही.”

त्याला रस होता तो त्यांच्या विरजणात, आणि तो राहायचा माझ्या निवळीत. म्हणून ते रोज वाण बदलत. आज एक, उद्या दुसरा, परवा तिसरा. विषाणूची एकाशी ओळख व्हायला लागली की समोर परका उभा. वर्षानुवर्षं हा माणूस कोणाची कोणाशी ओळख होऊ नये एवढ्यासाठी झटत होता.

साहजिकच ही नजर माणसांवरही वळली. त्यांच्या लेखी माणसं दोन प्रकारची, सैल धरणारी आणि पक्की धरणारी. लग्नाच्या मांडवात ते नवरा-नवरीकडे बराच वेळ बघत आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणत, “सैल आहे अजून.” नव्या साहेबांना सगळे हार घालत असताना म्हणत, “चाचपताहेत.” माझ्याबद्दल एकदा विचारलं तर म्हणाले, “तुम्ही जोशी, आदळता फार. धरत नाही.” मला तेव्हा ते कौतुक वाटलं.

पक्कं धरणारं त्यांच्या माहितीतलं एकच माणूस होतं, त्यांच्या पत्नी सुमनवहिनी. नदीपासून थोडं आत त्यांचं बैठं घर होतं. फाटक, चार पावलांचं अंगण, मग दोन पायऱ्या आणि दार. वहिनी असताना त्या घरात मी कितीदा जेवलो आहे. वहिनींच्या हातचं दही जरा निराळं लागायचं. गोडसर, घट्ट, चमच्याला तार सुटणारं. लेले तेव्हाही डेअरीतून आले की अंगणातल्या नळावर आंघोळ करून मगच घरात जात, आणि वहिनी आतून ओरडत, “झाली का शुद्धी?” त्या हसायच्या म्हणून आम्हीही हसायचो. मूलबाळ नव्हतं. दोघंच.

वहिनी गेल्या त्या अचानक. एका पावसाळ्यात ताप आला आणि आठवड्यात संपलं.

त्यानंतर ते फाटक बंद झालं. जो येईल त्याला ‘आधी कुठून आलात’ आणि मग पायरी. पाणी बाहेर, चहा बाहेर. डेअरीतला माणूस असेल तर फाटकाच्याही बाहेर. स्वतः नळावर आंघोळ, तीही आता दोनदा. कपडे वेगळे वाळत घालायचे. भाजीवाली आली तरी टोपली अंगणात. लोकांनी याचा जो अर्थ आपल्याकडे लावतात तोच लावला. बायको गेल्यावर लेले सोवळ्यात शिरले.

आणि मग शामराव कांबळे आला.

शामराव आमच्या डेअरीत बॉयलर सांभाळायचा. गाव पलूस. उंच, आवाज बॉयलरवर ओरडून ओरडून मोठा झालेला. लेल्यांशी त्याचं बरं होतं, कारण लेल्यांना वाफ लागायची आणि शामराव ती वेळेवर द्यायचा. “साहेब एकच माणूस हाय जो वाफेला थँक्यू म्हनतो,” असं तो सांगायचा. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका द्यायला जायचं होतं, तेव्हा मला म्हणाला, “जोशी साहेब, चला की संगं.” शिफ्ट संपवून आम्ही दोघं डेअरीतून सरळ लेल्यांकडे गेलो.

लेल्यांनी फाटकातूनच विचारलं, “आधी कुठून आलात?”

शामराव हसला. “आवं, तुमच्याच डेअरीतनं की.”

लेल्यांचा चेहरा पडला. आत बघितलं, आमच्याकडे बघितलं. त्या दिवशी त्यांनी फाटक उघडलं, एवढं मात्र खरं. म्हणाले, “पायरीवर बसता का? आत नको.” आम्ही बसलो. त्यांनी तांब्या आणला, आमच्या हातात न देता पायरीवर ठेवला. पत्रिकाही “तिथेच ठेवा” म्हणाले. मी काहीतरी बोललो, शामरावनं पत्रिका पायरीवर ठेवली. परत येताना तो रस्त्यावर एवढंच म्हणाला, “पत्रिका बी हातात घेतली न्हाई.”

आता मी जे केलं ते लिहितो. दसऱ्याला डेअरीत यंत्रांची पूजा असायची आणि पूजेनंतर करमणूक. मी लेल्यांची नक्कल केली. अध्यक्षांची सही, हलव्याचा दाणा, लस्सीची पोरं, सगळं केलं. हशा वाढत गेला तसा मी पायरीवर आलो. लेले होऊन म्हणालो, “आधी कुठून आलात?” आणि शामराव होऊन पायरीवर बसलो. एकटाच बसलो. माझ्या त्या गोष्टीत पायरीवर दुसरा कोणी नव्हता. जोशी त्या गोष्टीत नव्हता. तो असता तर गोष्ट बसली नसती. एका ब्राह्मणाने दुसऱ्या ब्राह्मणाला पायरीवर बसवलं, यावर कोण हसणार?

त्या दिवशी लोक पोट धरून हसले. कोपऱ्यात शामराव बसला होता. तो उठून बॉयलरकडे गेला. मला वाटलं, वाफ बघायला गेला असेल. खरं सांगायचं तर मला तसं वाटलं नव्हतं. मी तसं वाटून घेतलं.

पुढे ती गोष्ट माझ्याही हातात राहिली नाही. कोणाच्या निरोप समारंभाला, कोणाच्या मुलाच्या बारशाला, “जोशी, ते पायरीचं करा की,” अशी फर्माईश यायची. मी करायचो. लेल्यांशी शामराव बोलेनासा झाला, आणि मग शामरावबरोबरचे सगळेच. लेले निवृत्त झाले त्या दिवशी नारळ आणि शाल घेऊन एकटेच गेटबाहेर पडले. जाताना त्यांनी आपल्या खोलीच्या बाहेरच्या दाराची कडी दोनदा लावून बघितली.

त्यानंतर बरीच वर्षं मी त्यांच्याकडे फिरकलो नाही. सांगली काही मोठं शहर नाही. कधी भाजी बाजारात दिसायचे. ते मान हलवायचे, मी मान हलवायचो.

मग कृष्णेचा मोठा पूर आला.

त्यांच्या गल्लीत छातीएवढं पाणी शिरलं. लोकांनी घरातून दागिने काढले, जमिनीची कागदपत्रं काढली, एकानं टीव्ही डोक्यावर घेतला. बचावाची बोट लेल्यांच्या दाराशी आली. लेले पायजमा वर खोचून टेबलावर उभे. गळ्यात ओल्या टॉवेलची झोळी आणि झोळीत एक स्टीलचा डबा. बोटीतल्या पोरांनी हात पुढे केला. लेल्यांनी विचारलं, “आधी कुठून आलात?”

पोरगं म्हणालं, “आजोबा, पाण्यातनं आलोय. अजून कुठनं येनार?”

लेल्यांनी क्षणभर विचार केला आणि चढले. डबा कोणाच्या हातात दिला नाही. ही बातमी माझ्यापर्यंत आली ती अशी की, लेल्यांनी बायकोचं सोनं गळ्यात बांधून पुरातून काढलं. मी ती ऐकली आणि माझा हात आपोआप वर गेला. नवी गोष्ट मिळाली होती. पण सूनबाई समोर बसली होती. ती म्हणाली, “बाबा, त्या आजोबांना कोणी बघायला गेलंय का?”

म्हणून मी गेलो. उंचावरच्या एका शाळेत पूरग्रस्तांची सोय केली होती. लेले पाचवीच्या वर्गात, फळ्याखाली, एका सतरंजीवर बसले होते. शेजारी बाकावर तो डबा, ओल्या टॉवेलात गुंडाळलेला. मला बघून ते उठले नाहीत. “आधी कुठून आलात?”

“घरातून. आंघोळ करून.”

“डेअरीत?”

“लेले, मला रिटायर होऊन किती वर्षं झाली.”

ते जरा सैल झाले. म्हणाले, “इथे दुधाच्या पिशव्या वाटतात. सकाळी लागलं बरं. खाता?” त्यांनी टॉवेल सोडला, झाकण उचललं. उचललं म्हणजे जेवढ्या फटीतून चमचा जाईल तेवढंच, आणि झाकण हवेत पालथंच धरलं. कागदाच्या वाटीत मला चमचाभर दिलं. लगेच झाकण बंद.

ते सुमनवहिनींचं दही होतं. गोडसर, घट्ट, चमच्याला तार सुटणारं. वहिनींना जाऊन इतकी वर्षं झाल्यावर ती चव माझ्या जिभेनं माझ्या आधी ओळखली. मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

“हे डबाभर दही तुम्ही पुरातून…”

“सात नंबर आहे हे,” ते म्हणाले.

सात नंबर मला आठवत होता. आमच्या डेअरीतला सगळ्यांत गोड वाण. एका उन्हाळ्यात विषाणूला त्याची ओळख पटली. टाक्याच्या टाक्या दूध, दूधच राहिलं. माझ्या विभागात टांगायला काही नव्हतं. लेल्यांनी तो वाण कायमचा बंद केला होता.

“लग्न झालं तेव्हा हिला द्यायला माझ्याकडे काही नव्हतं,” लेले सांगू लागले. “एका परीक्षानळीत सात नंबर घेऊन आलो. तिनं त्याचं विरजण लावलं. रोज त्यातलं चमचाभर ठेवायचं, रोज पुढे लावायचं. डेअरीत सात नंबर बसला तेव्हा मी घरी येऊन म्हटलं, टाकून दे, आता हा टिकायचा नाही. ती म्हणाली, तुमच्या डेअरीत मेला म्हणून मी माझ्या घरात कशाला मारू?”

वर्गात कुणाचं तरी बाळ रडत होतं.

“तिनं शेवटचं लावलं ते ताप चढलेला असताना. सकाळी दही लागलं होतं आणि ती नव्हती. मग मी पुढे लावत राहिलो. आता त्यात आणखी काय काय घुसलं असेल, कोण जाणे. मी तपासलेलं नाही. पण लागतं तसंच. त्याचा विषाणू मात्र डेअरीत अजून असणार. निवळीत असतो, कपड्यांवर असतो, वाळला तरी मरत नाही. माझ्या बुटांवर असेल, तुमच्या हातावर असेल. त्याला काटा पक्का ठाऊक आहे. एक जरी आत गेला असता…”

“म्हणून फाटक?”

“म्हणून फाटक.”

“आणि लोक सोवळं म्हणत होते. तुम्ही एकदा तरी सांगायचं.”

“काय सांगायचं? बायकोचं दही राखतो म्हणून?” ते पहिल्यांदाच हसले. “सोवळं बरं होतं, जोशी. लोक चिडून लांब राहायचे. खरं कळलं असतं तर कीव करायला आत आले असते. डेअरीचे कपडे घालून.”

मग टॉवेल नीट गुंडाळत, माझ्याकडे न बघता म्हणाले, “एक मात्र राहून गेलं. शामरावच्या मुलीच्या लग्नाला निघालो होतो. एसटी स्टँडवर आपली मंडळी उभी होती. मला बघून एकानं हात असा वर केला, मान तिरकी केली, आणि सगळे हसले. मी घरी परत आलो.”

तो हात कसा वर केला असेल, मला दाखवायची गरज नव्हती.

माफी मी मागितली नाही. तेव्हाही नाही. निघताना त्यांनी दुसरा एक छोटा डबा माझ्यापुढे केला. “डेअरीत मी एकाच जागी विरजण कधी ठेवलं नाही. एक इथे, एक दुसरीकडे. एक गेलं तर दुसरं असावं, हा पहिला नियम. घरी मात्र एकच होतं. दुसरीकडे म्हणजे कुठे ठेवणार?” जरा थांबून म्हणाले, “ठेवाल?”

मी तो डबा घरी आणला. पहिल्या दिवशी दही लागलं नाही. मी स्वयंपाकघरात डबा उघडून बघतोय आणि आत दूधच. आदल्या संध्याकाळी मी मिठाईच्या दुकानातून चक्का आणला होता, सवयीनं, आणि ती पिशवी ओट्यावर ठेवली होती. मी तसाच पाटावर बसलो. सूनबाई म्हणाली, “बाबा, पाऊस आहे, गारठा आहे, वेळ लागेल.” दुपारी लागलं. पण त्या सकाळपासून दुपारपर्यंत लेल्यांचं इतक्या वर्षांचं जगणं मी जगून घेतलं. आता सूनबाई ऑफिसातून आली की मी दारातच विचारतो, “आधी कुठून आलीस?” ती हात वर करून, मान तिरकी करून उत्तर देते. घरात नक्कल माझी होते.

पूर ओसरल्यावर, लेले घर धुऊन पुन्हा राहायला गेल्यावर, मी पलूसला गेलो. शामराव आता थकला आहे. द्राक्षबागेच्या कडेला घर, दोन म्हशी, कान बॉयलरनं नेलेले. सगळं त्याला मोठ्यानं सांगावं लागलं. सात नंबर, वहिनी, पूर, डबा. त्याने ऐकून घेतलं.

“म्हंजे दह्यापायी?”

“दह्यापायी.”

“लय येडं मानूस.” मग म्हणाला, “आन तुमी?”

“मी काय?”

“तुमी माझ्या शेजारी बसला हुता. त्याच पायरीवर. तांब्या तुमच्याबी हातात दिला न्हाई. तुमी दसऱ्याला एकट्या मला बसवलं.” तो शांतपणे बोलत होता. “त्या पायरीचं मला इतकं लागलं न्हवतं, जोशी साहेब. म्हनलं, बायको गेलीय, डोकं ठिकानावर नसंल. मला लागलं ते हशाचं. आन मी इतकी वर्सं त्या मानसावर राग धरून बसलो.”

“चूक माझी आहे, शामराव.”

“व्हय, तुमचीच हाय,” तो म्हणाला. ‘जाऊ द्या’ म्हणाला नाही. चहा आला, आम्ही तो प्यालो. उठताना त्याने विचारलं, “कवा जायचं तिकडं? मी आत न्हाई जानार. पायरीवर बसंन. बघू काय म्हनतोय.”

आम्ही गेलो तेव्हा लेले अंगणात गाळ काढलेल्या जागी कुंड्या मांडत होते. भिंतीवर पाण्याची रेघ तशीच होती. त्यांनी शामरावला ओळखलं. ओळखलं तरी सवयीनं तोंडातून तेच आलं, “आधी कुठून आलात?”

शामराव म्हणाला, “पलूसवरनं. आन त्याच्याआदी हितंच हुतो, ह्याच पायरीवर. त्याला लय वर्सं झाली.”

लेल्यांनी फाटक उघडलं, दारही उघडलं आणि बाजूला उभे राहिले. शामराव आत गेला नाही. तो पायरीवर बसला. मी त्याच्या शेजारी बसलो, तेव्हा बसलो होतो तिथेच.

लेले आत गेले. भांड्यांचा आवाज आला. बाहेर आले ते तोच स्टीलचा डबा, तीन वाट्या आणि चमचा घेऊन. त्यांना उभं राहून वाढता आलं असतं. ते खालच्या पायरीवर, शामरावच्या पायाशी बसले. झाकण काढलं आणि पायरीवर ठेवलं. आयुष्यभर झाकण पालथं धरणाऱ्या या माणसानं ते उताणं ठेवलं. वाटी त्यांनी शामरावच्या हातात दिली. हातात, म्हणजे दोन्ही हातांनी धरून.

शामरावनं चमचा तोंडात घातला. “ग्वाड हाय.”

“तिनं लावलेलं आहे,” लेले म्हणाले.

एवढ्यात रस्त्यावरून दुधाची गाडी गेली. रिकामे कॅन खडखडले, धूळ उडून फाटकातून अंगणात आली. मी झाकणाकडे हात नेला. लेल्यांनीही गाडीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, “तुमच्याकडचं आज लागलं होतं ना?”

“लागलं होतं.”

“मग राहू दे,” ते म्हणाले, आणि उघड्या डब्यात चमचा घालून शामरावला आणखी वाढायला लागले.